गॅरार्ड ४०१: सुरुवातीची वीस मिनिटे सूर उतरलेला का राहतो?

षड्जपंचम (पुणे)

मंडळी, थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला देणं अवघड जातं.

मागच्या दिवाळीत कॅम्पातल्या एका घरातून गॅरार्ड ४०१ हा जुना टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घेतला. सोबत एसएमई ३००९ हा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि शुअरचं व्ही-१५ टाइप थ्री कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी). यंत्र दहा-बारा वर्षं कपाटात पडून होतं. पुसून लावलं, फिरलं, आवाजही सुरेख आला. मी खूश होतो.

मग आत्या राहायला आली. वय ८१, अजून रोज सकाळी तंबोरा घेऊन बसते. मी रेकॉर्ड लावली आणि पहिल्याच मिनिटाला ती म्हणाली, "अरे, हा सा खाली आहे." मी म्हटलं, असेल तसंच ध्वनिमुद्रण. अर्ध्या तासाने तीच बाजू पुन्हा लावली तर म्हणते, "आता जागेवर आला."

तेव्हा पहिल्यांदा मी प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकाच्या) कडेच्या, वेग तपासायच्या रेषांकडे नीट पाहिलं. आत्या बरोबर होती. चालू केल्या केल्या रेषा मागे सरकतात. वीस सेकंदांत ३० मोजल्या. वीस-पंचवीस मिनिटांनी स्थिर होतात.

आणखी तीन तक्रारी:
बंद करताना स्पीकरमधून "धप्" असा आवाज येतो.
दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत खालच्या पट्टीत घरघर ऐकू येते.
संध्याकाळी सातनंतर वेग पुन्हा थोडा ढासळतो.

एका दुरुस्तीवाल्याने रबरी चाक (मोटारची गती प्लॅटरला देणारं), मोटार आणि बेअरिंग तिन्ही बदलायला सांगितलं. मला शक्यतो मूळ भाग ठेवायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

---

प्राजक्त_२२

वाचनखूण साठवली. माझ्याकडे साधा पट्ट्याचा टर्नटेबल आहे, पण आत्याचा कान वाचून अंगावर काटा आला.

---

अभियंता_भोसरी

साहेब, काहीही बदलू नका. आधी हिशेब करू.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्या रेषांवर उजेड टाकणारा निऑन दिवा प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला लुकलुकतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. लाँगप्लेच्या वेगासाठी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी, कडेला १८० रेषा असतात. १८० ला ३३⅓ ने गुणा आणि ६० ने भागा, बरोबर १०० रेषा दर सेकंदाला दिव्यासमोरून जातात. म्हणून रेषा थांबल्यासारख्या दिसतात. सेकंदाला एक रेषा मागे सरकली तर वेग एक टक्का कमी.

तुमच्या वीस सेकंदांत ३०, म्हणजे सेकंदाला दीड. दीड टक्का. सुराच्या भाषेत सुमारे २६ सेंट, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा पाव भाग. रोज तंबोऱ्यावर बसणाऱ्या कानाला हे कळणारच.

आता कारण. गार असताना हळू आणि तापल्यावर बरोबर, याचा अर्थ कुठेतरी तेल घट्ट झालंय. मोटारच्या वर-खाली दोन सच्छिद्र ब्राँझचे बुश (दांडा ज्यांत फिरतो ती कडी) असतात, त्यांच्याभोवती तेल धरणारं फेल्ट. पन्नास वर्षांचं तेल तिथे गुळाच्या पाकासारखं होतं. मोटार तापली की पाक सैल होतो. रबरी चाक यात निर्दोष आहे.

एक चाचणी करा. चाक मोटारला न टेकवता नुसती मोटार पाच मिनिटं फिरवा, वीज बंद करा आणि ती किती सेकंदांत थांबते ते घड्याळावर मोजून इथे लिहा.

---

कुलाब्याचा वारा

अभियंता, हिशेब आवडला. "धप्" साठी: स्विचच्या टोकांना ठिणगी दाबणारा छोटा कंडेन्सर असतो, तो मेलाय. बदलायला सोपा आहे, पण मेन्सवर चालणारा, एक्स-२ वर्गाचाच घ्या. रेडिओ दुरुस्तीच्या डब्यात पडलेला कुठलाही डीसी कंडेन्सर तिथे लावू नका. तो फुटतो, प्रसंगी पेटतो. लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, तुमच्याकडे पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतही मिळेल. काम करताना प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसता स्विच बंद पुरत नाही.

---

शेवग्याची शेंग

धाग्याला विरोध नाही, पण मनापासून विचारतो. एवढ्या खटाटोपातून काय मिळतं? फोनवर सगळं आहे, वेगही पक्का.

---

षड्जपंचम

@शेवग्याची शेंग, प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे साठेक ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या) आहेत, आजोबांच्या. त्यातल्या निम्म्याअधिक मला इंटरनेटवर कुठेही सापडल्या नाहीत. ज्या सापडल्या त्या कुणीतरी चुकीच्या सुईने, चुकीच्या वेगाने चढवलेल्या आहेत. गाणाऱ्या बाईंचा आवाज लहान मुलीसारखा झालाय. मला त्या नीट वाजवून, नीट उतरवून ठेवायच्या आहेत. यंत्रच खोटं बोलत असेल तर उतरवलेलंही खोटंच राहील.

@अभियंता_भोसरी, चाचणी केली. मोटार चार सेकंदांत थांबली.

---

अभियंता_भोसरी

चार सेकंद! निदान झालं. चांगली साफ केलेली मोटार यापेक्षा कितीतरी जास्त वेळ स्वतःच्या वेगावर फिरत राहते.

---

स्विंडनस्थ

धागा उघडला आणि थबकलोच. मी गेली नऊ वर्षं याच गावात राहतो. इंग्लंडमधलं स्विंडन तसं रेल्वे कारखान्याचं गाव, पण गॅरार्डही इथलाच. मूळ पेढी लंडनच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांची. १८५२ मध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडले ते त्यांच्याच देखरेखीखाली. पहिल्या महायुद्धात तोफांना अंतर मोजायची उपकरणं लागत होती. तेवढं बारीक काम जवाहिऱ्यांना जमेल म्हणून १९१५ मध्ये त्यांनी अभियांत्रिकी कंपनी काढली. युद्ध संपलं, १९१९ मध्ये कारखाना स्विंडनला आला आणि ग्रामोफोनच्या चावीच्या मोटारी बनू लागल्या. ३०१ आला तो १९५० च्या दशकात, ४०१ त्याच्या पुढचा. ३०१ बीबीसीसारख्या ठिकाणी दिवसभर राबायला बनवलेलं यंत्र होतं. म्हणूनच ते उघडून साफ करता येतं. ज्यांनी बनवलं त्यांना ते उघडलं जाईल हे माहीत होतं.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत, तरुणपणी त्या कारखान्यात होते. त्यांना तुमची तक्रार सांगितली. ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले: तेल.

---

हरिपूरची हळद

आमच्याकडे बाबा टर्नटेबलला शिलाई मशीनचं तेल घालायचे. वीस वर्षं चाललं. तेच घाला.

---

अभियंता_भोसरी

@हरिपूरची हळद, ताई, असहमत. शिलाईचं तेल फार पातळ, सच्छिद्र बुशमधून लवकर निघून जातं. गाडीच्या इंजिनाचंही नको, त्यात मळ सोडवणारी रसायनं असतात. साधं, रसायनविरहित, एसएई २० या घट्टपणाच्या आसपासचं खनिज तेल घ्या. गंज सोडवायचे फवारे तर बेअरिंगच्या जवळही आणू नका. ते तेल धुऊन नेतात आणि मागे काही ठेवत नाहीत.

---

हरिपूरची हळद

दादा, वीस वर्षं चाललं हे खरं आहे. पण बाबा दर दोन महिन्यांनी घालायचे हेही खरं. म्हणजे तुमचंच म्हणणं बरोबर असणार.

---

न्यूजर्सीचा नाना

माझा अनुभव लिहून ठेवतो, कुणाचे तरी पैसे वाचतील. निवृत्तीनंतर ३०१ इथून नाशिकला घेऊन गेलो. व्होल्टेजच्या पट्ट्या २२० वर फिरवल्या आणि काम झालं असं समजलो. रेकॉर्ड लावली तर सगळे गायक झोपेत गात होते! अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, मोटारवरची पितळी पुली त्या हिशेबाने बारीक असते. ५० वर वेग सरळ सहाव्या हिश्शाने पडतो, ३३⅓ चे पावणेअठ्ठावीस होतात. ५० ची पुली मागवेपर्यंत तीन महिने यंत्र झाकून ठेवलं. घेताना पुलीवरचा आकडा बघा.

---

जवारी (मिरज)

इथे थोडा उशिरा आलो. आमचं घराणं तंतुवाद्यांचं. प्लॅटरच्या कडेच्या रेषा छान आहेत, पण कानाने करायची एक परीक्षा सांगतो.

मागे तंबोरा स्वच्छ ऐकू येतो अशी एक लाँगप्ले घ्या. बाजू सुरू झाली की आपला तंबोरा त्या सुराला मिळवून घ्या. दोन सूर जवळ आले की लहर येते, वाँव वाँव वाँव. मिळत जातील तशी ती मंदावते आणि शेवटी विरते. मग तंबोऱ्याला हात लावू नका. बाजू संपत आली की पुन्हा छेडा. लहर आली तर तंबोरा उतरलाय किंवा यंत्र सरकलंय. तंबोरा दुसऱ्या एखाद्या पक्क्या सुराशी ताडून बघितला की चोर सापडतो.

आणि आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. २६ सेंट न मोजता सांगणारा कान आता कमी झालाय.

---

कुलाब्याचा वारा

@जवारी, ही परीक्षा मी रात्रीच करून पाहिली. माझ्याकडे लहर येते आणि जाते, येते आणि जाते. साधारण पावणेदोन सेकंदांनी. हे काय?

---

जवारी (मिरज)

३३⅓ ला एक फेरी १.८ सेकंदांची. म्हणजे दर फेरीला एकदा. रेकॉर्डचं मधलं भोक मध्यावर नाही. दुसरी रेकॉर्ड लावून पाहा, यंत्राचा दोष नसेल. रबरी चाकाला खड्डा असता तर एका फेरीत बरेच ठोके आले असते.

---

कुलाब्याचा वारा

दुसरी लावली. गेलं! पंधरा वर्षं मी ते त्या रेकॉर्डमधल्या गायकाच्या स्वराचं आंदोलन समजत होतो.

---

मांडवीकाठ

विषयांतर करते, रागावू नका. वेगाचा विषय निघाला की मला आमच्या गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर आठवतात. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यात त्यांची भैरवी आहे. त्या तबकडीचा वेग १६⅔. सोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली आहे आणि झाकणावर आकृती काढून सांगितलंय की एका फेरीला ३.६ सेकंद लागले पाहिजेत. सेकंद हे माप परग्रहवासीयांना कसं कळणार, म्हणून ते हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाच्या काळात लिहिलंय. केसरबाई चुकीच्या सुरात वाजू नयेत म्हणून एवढी काळजी घेतली, याचं मला फार बरं वाटतं.

---

प्राजक्त_२२

मांडवीकाठ, असं विषयांतर रोज करा.

---

अभियंता_भोसरी

संध्याकाळच्या तक्रारीकडे येतो. षड्जपंचम, सातनंतर तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं?

---

षड्जपंचम

सकाळी २३५, संध्याकाळी २०५ च्या आसपास. स्टॅबिलायझर लावू का?

---

अभियंता_भोसरी

रिलेचा स्टॅबिलायझर नको. तो टप्प्याटप्प्याने बदलतो, "टक्" झालं की वेगालाही धक्का. ही इंडक्शन मोटार आहे. व्होल्टेज पडलं की जोर कमी होतो आणि तेलाचं ओझं असेल तर वेग ढासळतो. ओझं काढलं की हा त्रासही बराच कमी होईल. वेगाचं बटण मोटारच्या दांड्यावरच्या अॅल्युमिनियमच्या चकतीजवळ लोहचुंबक पुढे-मागे करतं, म्हणजे हा चुंबकी ब्रेक आहे. मोटार साफ झाली की तो ब्रेक थोडा लावलेला राहील आणि गरजेला सोडता येईल.

आणखी एक बारीक गोष्ट, फारसं कुणी बोलत नाही. निऑन दिवा त्याच विजेवर चालतो. वारंवारता ५० वरून ४९ झाली तर मोटारही मंदावते आणि दिवाही. रेषा स्थिरच दिसतात, सूर मात्र दोन टक्क्यांनी खाली. पूर्वी आपल्याकडे असं सर्रास व्हायचं. आता ग्रिड ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, म्हणून रेषांवर भरवसा ठेवता येतो.

---

शेवग्याची शेंग

मी विरोधी पक्षात होतो, पण हा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

---

षड्जपंचम

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. केलेलं सगळं लिहितो.

मोटार काढली. वरचा बुश उघडला तेव्हा फेल्टची चकती कडक पुठ्ठ्यासारखी झाली होती, तपकिरी, नखाने टकटक वाजावी अशी. बुश पेट्रोलमध्ये धुतले, नवे फेल्ट कापले, दोन्ही रात्रभर तेलात बुडवून ठेवले. जोडताना मोटार अडकली, हाताने फिरेना. दोन तास गेले. मग लक्षात आलं की मी स्क्रू एकेक करून पूर्ण आवळत होतो. सगळे सैल केले, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो आणि मधेमधे स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके ठोके दिले. एका ठोक्याला दांडा एकदम मोकळा झाला. बोटाने फिरवला तर आवाज न करता फिरतच राहिला.

चाचणी: पूर्वी ४ सेकंद, आता २३.

रबरी चाकाला हात लावला नाही, फक्त स्पिरिटने पुसलं. कंडेन्सर बदलला, "धप्" गेलं.

घरघर मात्र राहिली होती. यंत्राची जुनी लाकडी बैठक पातळ पोकळ खोक्यासारखी होती, बोटाने वाजवली तर ढोलकीच. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून मरीन प्लाय आणला, चार थर चिकटवून आतून यंत्राच्या आकाराचं कापून घेतलं आणि पाणसळ लावून सपाट केलं. सुतारदादांनी विचारलं, कुठल्या देवाचा चौरंग आहे? आता घरघर कानाला जवळजवळ लागत नाही.

आता चालू केल्यापासून वीस सेकंदांत चार-पाच रेषा सरकतात, सात-आठ मिनिटांत स्थिर. संध्याकाळीही.

---

अभियंता_भोसरी

पाव टक्का. उत्तम! चार सेकंदांवरून तेवीस वाचून मलाच समाधान वाटलं. फोटो टाका.

---

स्विंडनस्थ

शेजारच्या आजोबांना वाचून दाखवलं, भाषांतर करून. लाकडी मुठीचे ठोके ऐकून ते हसले. कारखान्यातही असेच ठोके देऊन बुश बसवायचे म्हणे.

---

कुलाब्याचा वारा

आता आर्म. षड्जपंचम, कार्ट्रिज बदलायचा विचार असेल तर डेनन डीएल-१०३ घ्या. ४०१ वर तो फार भरदार वाजतो.

---

जवारी (मिरज)

डीएल-१०३ सुंदर आहे, पण ३००९ वर नको. त्याची सुई ताठ, अडीच ग्रॅम वजन मागते, तिला जड आर्म हवा. ३००९ हलका आहे, तो व्ही-१५ सारख्या लवचीक सुईसाठी. तंबोऱ्यात जाड तारेला जाड घोडी लागते, तसं आहे हे. व्ही-१५ ला एक ग्रॅमच्या आसपास ठेवा. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तेव्हा ती सुई जपून वापरा. बसवताना प्लॅटरच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन खुणांवर सुई खाचेला समांतर आली पाहिजे. एसएमईत त्यासाठी कार्ट्रिज हलवायचं नाही, आर्मची अख्खी बैठक सरकते.

---

मांडवीकाठ

आणि ७८ च्या तबकड्यांचं काय? मूळ खटाटोप त्यांच्यासाठीच होता ना?

---

षड्जपंचम

हो ताई, तिथेच येतोय. ७८ साठी वेगळी जाड सुई घेतली, सुमारे ६५ मायक्रॉनची. लाँगप्लेची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर उचलते.

माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो. लाँगप्ले पुसायचं आयसोप्रोपिलचं पाणी मी एका ७८ वर वापरलं. कापडाला काळा रंग आला आणि खाचा मळकट, करड्या झाल्या. त्या तबकड्या लाखेच्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजोबांच्या साठातली एक गेली, परत मिळणार नाही. ७८ वर स्पिरिट, अल्कोहोल काही नको. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एखादा थेंब आणि लेबल कोरडं ठेवायचं.

---

न्यूजर्सीचा नाना

वाचून वाईट वाटलं. लिहिलंत हे बरं केलंत. ती लाख बहुधा आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलातली. जगभरच्या ७८ आपल्याकडच्या लाखेवर चालल्या.

---

हरिपूरची हळद

७८ च्या रेषा स्थिर असल्या की सूर बरोबर धरायचा का?

---

जवारी (मिरज)

ताई, नाही. १९२५ च्या आधीच्या, कर्ण्यात गाऊन घेतलेल्या तबकड्या ७० पासून ८० च्या वरपर्यंत कुठल्याही वेगाच्या असू शकतात. रेषा यंत्र नीट फिरतंय एवढंच सांगतात. गायक कुठल्या पट्टीत गायला ते त्या सांगू शकत नाहीत.

नाट्यगीत असेल तर मागचा ऑर्गन ऐका. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध वाजत असेल तर वेगावर संशय घ्या. आणि गळ्याचा पोत ऐका. वेग चढला की स्वर नुसता उंच होत नाही, गळ्यातला "आ"कार बारीक आणि कोरडा होतो. तान सुटी न वाटता घाईची वाटते.

---

कुलाब्याचा वारा

ऑर्गनचंच ट्यूनिंग वेगळं असेल तर?

---

जवारी (मिरज)

असू शकतं. म्हणून एकट्या ऑर्गनवर जाऊ नका. त्याच काळातल्या त्याच गायकाच्या चार-पाच तबकड्या लावा. पट्टी जवळपास जुळली पाहिजे, एखादीच फटकून असेल तर ती वेगाने चुकलीय.

---

षड्जपंचम

काल तेच केलं. आत्या समोर बसली, मांडीवर तंबोरा. एकाच गायकाच्या पाच तबकड्या. चार जुळल्या. पाचवी चढी. मी बटण हळूहळू मंद करत गेलो. आत्या डोळे मिटून तार छेडत होती. "अजून... अजून थोडा... थांब." मी हात काढला. तिने डोळे उघडले नाहीत, तबकडी संपेपर्यंत तार वाजत राहिली. मग म्हणाली, "आता माणूस गातोय."

रेषा मोजल्या, पावणेदोन टक्के मंद. पाकिटावर पेन्सिलीने तारीख आणि वेग लिहून ठेवला. आता बाकीच्या पंचावन्न.

पुण्यात कुणी असाल तर रविवारी सकाळी दहाला या. आत्या आहे महिनाअखेरपर्यंत.

---

शेवग्याची शेंग

मी येतो. माझ्या आजीच्या तीन ७८ आहेत, कधीच ऐकलेल्या नाहीत. आणू का?

---

षड्जपंचम

जरूर आणा. उभ्या ठेवून आणा, आडव्या रचून नको. मी पावणेदहालाच यंत्र लावून ठेवतो, म्हणजे तुम्ही येईपर्यंत तापलेलं असेल.